समुद्रापलीकडची शिदोरी : 'लकी मी', पान्सित आणि शेवग्याचा पाला

(मालवाहू जहाजांवर २६ वर्षं चीफ कुक म्हणून काम करून गुहागरला परतलेले आमचे काका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. माझी मुलगी फिलिपिन्समध्ये दावाओला डॉक्टरकी शिकते. आमचं घर माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. अभ्यासाला बसली की रात्री ती आणि तिची मैत्रीण 'लकी मी' नावाच्या नूडल्स करून खातात म्हणे. सुट्टीला येताना चार पाकिटं घेऊन आली. ती मैत्रिणींकडे गेली असताना मी एक मॅगीसारखं पाण्यात शिजवलं, तर काळं, खारट पाणी झालं. हे नक्की काय आहे? तिला चालण्यासारखं आहे का? आणि हेच खाऊन राहिली तर कसं व्हायचं? – एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमच्याकडचं पाकीट 'पान्सित कान्तोन'चं, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या प्रकाराचं असणार. ते रश्श्याचं नव्हे, कोरडं करायचं असतं. आपण मॅगीचा मसाला पाण्यातच शिजवतो, इथे पाणी ओतून द्यायचं असतं. जहाजावर आमच्या एका पोरसवदा कॅडेटनं तुमच्यासारखंच सगळं एकदम भांड्यात ओतलं होतं. शेजारी उभ्या फिलिपिनो ऑइलरनं, म्हणजे इंजिनखोलीतल्या खलाशानं, काही न बोलता दुसरं पाणी ठेवलं, आपल्या केबिनमधून नवं पाकीट आणलं आणि त्याला करून दाखवलं. ती पद्धत सांगतो.

पाकिटात नूडल्सची वडी आणि लहान पुड्या असतात : चवीची पूड, सोया सॉस, तेल. वडी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं. तेवढ्या वेळात पुड्या ताटलीत फोडून चमच्यानं एकजीव करायच्या. नूडल्स निथळायच्या, पण अगदी ठणठणीत कोरड्या नाही, चमचाभर पाणी अंगावर राहू द्यायचं. मग ताटलीत टाकून दोन काट्यांनी खालीवर करायच्या. शेवया तपकिरी होतात, चकाकतात, आणि ताटलीत रस्सा म्हणून काही उरत नाही. कलामान्सीची चव असेल तर आंबटगोड वास नाकात शिरतो. कलामान्सी म्हणजे मोठ्या गोटीएवढं लिंबू, बाहेरून हिरवं, आतून केशरी. आपल्या नर्सरीत कुंडीतलं 'चायनीज ऑरेंज' म्हणून शोभेला विकतात, तेच हे झाड. तिकडे ते शोभेचं नाही, आपल्या लिंबासारखं रोजच्या पानातलं आहे. त्यात मिरची आली की 'चिलिमान्सी'.

आता चालेल का, ते. फिलिपिन्समध्ये पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो. त्यामुळे नाव आणि चित्र बघून काही ठरवू नका, मागची घटकांची यादी वाचायची आणि नवी चव आणली की पुन्हा वाचायची. काही नावं तर लांबूनच ओळखता येतात. 'बुलालो' म्हणजे गाईच्या नळीच्या हाडांचा रस्सा, 'ला पाझ बाच्चोय' म्हणजे इलोइलो शहरातला डुकराच्या काळीज-आतड्यांचा रस्सा. ही पाकिटं मुलीनं हातातसुद्धा घेऊ नयेत. चार शब्द तिला वहीत लिहून द्या : 'बाबोय' डुक्कर, 'बाका' गाय, 'मानोक' कोंबडी, 'हिपोन' कोळंबी. शिवाय 'इत्लोग' म्हणजे अंडं आणि 'पातिस' म्हणजे मासळीचं खारं पाणी. हे पातिस फसवतं, कारण ते दिसत नाही. खानावळीत 'गुलाय', म्हणजे भाजी, मागितली तरी त्यात पातिस किंवा कोळंबीची चटणी पडलेली असू शकते. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्यांच्या लेखी मांस म्हणजे मांसाचा तुकडा, वास आणि चव त्यात मोजत नाहीत. म्हणून मुलीनं आधीच स्पष्ट सांगावं, आणि वाक्यात 'पो' घालून सांगावं. 'पो' म्हणजे आपलं 'अहो, जाहो'. 'वालांग कार्ने पो, वालांग पातिस पो.' मांस नको हो, पातिस नको हो. एवढ्या 'पो'वर समोरच्या बाईचा चेहरा बदलतो, हे मी सेबूपासून मनिलापर्यंत पाहिलेलं आहे.

माझा सल्ला असा : वडीच्या घटकांत अंडं नाही ना, ते बघून घ्यावं. मग वडी ठेवावी, चवीच्या पुड्या बाजूला काढाव्यात. कढईत तेल, लसूण चालत असेल तर दोन पाकळ्या, भाज्या, वरून चमचाभर सोया सॉस (तिकडे 'तोयो') आणि शेवटी कलामान्सी पिळायची. चव पाकिटाच्या जवळ जाते आणि मीठ आपल्या हातात राहतं. काळजी करायचीच तर त्या मिठाची करा. प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सोया सॉस आणि चवीची पूड दोन्ही खारट, त्यात वडी तेलात तळलेली. आठवड्यातून एकदा-दोनदा खाल्लं तर मी आई असतो तरी रागावलो नसतो. रोज रात्री मात्र नको.

आणि भाज्यांसाठी तिला दावाओच्या बांकेरोहान बाजारात पाठवा. तिथे तिला लातूरचा बाजार भेटेल, फक्त नावं वेगळी. 'तालोंग' वांगी, 'आम्पालाया' कारलं, 'ओक्रा' भेंडी, 'उपो' दुधी, 'कालाबासा' भोपळा. आपला शेवगा तर घरोघरी. मनिलाकडे त्याला 'मालुंगाय' म्हणतात, दावाओत 'कामुंगाय'. शेंगांपेक्षा पाल्याला तिथे मान जास्त. मूठभर पाला निवडून गरम नूडल्समध्ये टाकला की मिनिटात मऊ होतो. वर 'तोक्वा' म्हणजे सोयाबीनचं पनीर तळून घातलं की पोटभर जेवण होतं. तुम्ही शेवग्याच्या पाल्याची भाजी करता ना? फोनवर तिला तीच शिकवा, ती हमखास जमेल.

प्रश्न : 'लकी मी' बनवणाऱ्या कंपनीच्या नावात 'निसिन' आहे. म्हणजे ही जपानी कंपनीच ना? – वाचक, पुणे

उत्तर : नाही. जपानची निसिन म्हणजे मोमोफुकु आंदो यांची, ज्यांनी १९५८ साली पहिल्या इन्स्टंट नूडल्स आणल्या. 'लकी मी' आहे मोंदे निसिनची. ही फिलिपिन्समधली वेगळी कंपनी, १९७९ ची. १९८९ मध्ये तिनं 'लकी मी' आणलं आणि १९९१ मध्ये पान्सित कान्तोन. फिलिपिनो माणसाच्या मनात घर केलं ते या दुसऱ्यानं, आणि त्याचं कारण मला उघड वाटतं. रश्श्याची पाकिटं तोवर बरीच होती. पान्सित मात्र त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या परतलं जाणारं. ते चिनी व्यापाऱ्यांबरोबर आलं. नाव होक्केन या चिनी बोलीतलं, अर्थ झटपट होणारं खाणं, आणि कान्तोन म्हणजे ग्वांगझू शहराचं जुनं नाव. ज्या पदार्थाच्या नावातच झटपट आहे, तो खरोखर तीन मिनिटांत मिळाला.

गल्लीतल्या 'सारी-सारी' दुकानात, म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावून थाटलेल्या दुकानात, शांपूच्या पुड्यांशेजारी ही पाकिटं दिसतातच. एकेक नग सुटा घ्यायचा, त्याला 'तिंगी' म्हणतात. २०२३ साली फिलिपिन्सनं सुमारे ४४० कोटी पाकिटं इन्स्टंट नूडल्स खाल्ल्या, सगळ्या कंपन्यांच्या मिळून. माणशी वर्षाला ३७-३८. आपल्याकडे हाच आकडा सहाच्या आसपास.

प्रश्न : काका, मी देवगडचा. पहिल्यांदाच जहाजावर चढलोय, बाकी बहुतेक क्रू फिलिपिनो. कोणीही खात बसला असेल आणि मी समोरून गेलो की 'काइन तायो' म्हणतो. हे मनापासून असतं का? पुढच्या आठवड्यात बोसनचा, म्हणजे आमच्या डेकवरच्या मुकादमाचा, वाढदिवस आहे, पान्सित खायला बोलावलंय. जाऊ का? संकोच वाटतो. – ट्रेनी, सध्या समुद्रावर

उत्तर : बाळा, 'काइन तायो' म्हणजे आपलं 'या जेवायला'. तुझे आजोबा ओटीवर जेवायला बसले की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारत असतील, तसंच. पोट भरलेलं असेल तर 'बुसोग पा पो आको' म्हण आणि हसून पुढे जा. पण मान खाली घालून, न ऐकल्यासारखं करून जाऊ नकोस. ते त्यांना लागतं.

वाढदिवसाला जायचंच. लांब शेवया म्हणजे लांब आयुष्य, म्हणून वाढदिवसाला पान्सित हवंच. माझी पन्नाशी उत्तर पॅसिफिकमध्ये पार पडली. व्हँकूव्हरहून धान्य भरून जपानला निघालो होतो. आठ दिवस वादळ, गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, भांडं शेगडीवर ठरत नव्हतं. मी कुणाला तारीख सांगितली नव्हती, पण क्रू लिस्टवर जन्मतारीख असतेच. त्या संध्याकाळी मेसमननं, म्हणजे जेवण वाढणाऱ्या पोरानं, मला माझ्याच गॅलीतून हाताला धरून बाहेर काढलं. स्टोअरमधल्या पान्सितच्या शेवया केव्हाच संपल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. तासाभरानं आत बोलावलं. टेबलावर ओला टॉवेल अंथरलेला, भांडी सरकू नयेत म्हणून, आणि त्यावर माझा सगळ्यात मोठा ट्रे काठोकाठ भरलेला. चौदा फिलिपिनो होते जहाजावर. प्रत्येकानं रात्रीच्या वॉचसाठी, म्हणजे पाळीसाठी, केबिनमध्ये जपून ठेवलेली 'लकी मी'ची पाकिटं काढून दिली होती. कोणाचं कलामान्सी, कोणाचं तिखट, कोणाचं साधं, सगळं एकत्र. वर कोबी, गाजर आणि मी त्या आठवड्यासाठी राखून ठेवलेली शेवटची बारा अंडी. पुढचं बंदर अजून नऊ दिवस लांब होतं, आणि त्यानंतर रात्री वॉचवरून उतरलेल्यांना नुसत्या बिस्किटांवर भागवावं लागलं. एकानंही तसं बोलून दाखवलं नाही. पुढच्या बंदरात मी पहिला खर्च केला तो प्रत्येकाच्या दारात दोन-दोन पाकिटं ठेवण्याचा.

तेव्हा जा. आईनं दिलेले लाडू अजून उरले असतील तर डबा घेऊन जा आणि मेसच्या टेबलावर उघडून ठेव. पान्सित वाढलं की शेवया काट्यानं तोडायच्या नाहीत, सुरी तर लावायचीच नाही. काटा उंच धरून लांबच्या लांब उचलायच्या. आणि पहिली ताटली बोसनच्या हातात जाऊ दे.