सुताच्या भावाचा प्रश्न संसदेत

प्रश्न : सर, आमच्या पॉवरलूमच्या सुताच्या दराचा प्रश्न खासदारांनी लोकसभेत विचारला तर मंत्र्याला तिथंच उत्तर द्यावं लागतं का? – एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : प्रश्न तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, असेल तर हो. सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास, त्यात 20 तारांकित प्रश्न लागतात, मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर लगेच उपप्रश्न येतात, मंत्र्याची खरी तयारी तिथंच कळते बघा. पण सगळे 20 क्वचितच होतात, राहिलेल्यांना लेखी उत्तर. मंत्र्यानं आश्वासन दिलं तर 3 महिन्यांत पूर्ण करायचं असतं, त्यावर समिती लक्ष ठेवते. नोटीस 15 दिवस आधी लागते, म्हणून खासदारांना आत्ताच गाठा आणि मोघम नको, सोलापूरच्या किती मागांना काय मदत मिळाली असा आकडाच मागायला लावा!