कॅज्युअल्टीतल्या पहिल्या हंगामाआधी

प्रिय,
सस्नेह आशीर्वाद. तुझी ड्यूटी ऐन फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत लागल्याचे कळले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विष अंगात भिनून शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुला माहीत आहेच. त्याच विषाने भिजलेला सदरा आपल्या टेबलावर येतो, याचा विचार मात्र आपल्याकडे फार कमी होतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी विष प्यालेल्या एका तरुणाचे पोट धुताना त्याची उलटी माझ्या बाहीवर पडली आणि त्याच ॲप्रनवर मी दोन तास काम करत राहिले. संध्याकाळी दिवे मंद झाल्यासारखे वाटले, डोके जड झाले. आरशात पाहिले तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

म्हणून श्वास सांभाळणे आणि ॲट्रोपिन हे उताऱ्याचे औषध सुरू करणे चालू असतानाच दुसऱ्या कोणीतरी रुग्णाचे कपडे कापून काढावेत, डोक्यावरून ओढू नयेत, आणि केसांपासून नखांपर्यंत अंग साबणपाण्याने धुवावे. लेटेक्सच्या हातमोज्यांवर विसंबू नकोस, नायट्राइलचे माग. साधा मास्क वाफ अडवत नाही, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हे जहाल विष सोडले गेले तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयाने नंतर केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांनी स्वतःलाही त्रास झाल्याचे सांगितले. सरिन आणि आपल्याकडची कित्येक कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फरस या एकाच कुळातली आहेत.

धान्यात ठेवायची गोळी खाल्लेला रुग्ण आला तर अधिक जप. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून ओलावा लागताच सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, आणि तो उलटीतूनही येत राहतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर सावध व्हावेच, पण वास नाही म्हणून निर्धास्त राहू नये. उलटीचे भांडे खाटेखाली सरकवण्याची आपली जुनी सवय इथे घातक आहे. ते लगेच बाहेर मोकळ्या हवेत न्यावे.

आणि एक गोष्ट मला फार लागते. डॉक्टर आणि आपण हातमोजे घालतो, पण कपड्यांचे ते बोचके उचलतात मावशी, तेही उघड्या हातांनी. कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून, वर ‘विष’ असे ठळक लिहूनच त्यांच्याकडे दे, आणि ड्यूटी सुरू होताच हातमोज्यांची पहिली जोडी त्यांच्या हातात ठेव.

तुझी,
सिस्टर