व्याज नाही, मग इस्लामी बँकेचा नफा कशावर ठरतो?

इस्लामी बँका, म्हणजे धर्मनियमांनुसार व्याज न घेता-देता चालणाऱ्या बँका, नफा कशावर कमावतात, या प्रकल्पासाठी तुम्ही बँकेचा आकार, भांडवल, थकबाकी, महागाई आणि जीडीपी हे घटक घेतलेत आणि इस्लामी बँकांसाठी एवढे पुरतील का, असं विचारलंत. माझ्या मते नाही पुरणार. हे घटक कुठल्याही बँकेला लागू पडतात. इस्लामी बँकेत आधी बघायचं ते पैसा कोणत्या खात्यांतून येतो.

चालू खात्यावर बँक काहीच देत नाही, फक्त मुद्दल परत करण्याची हमी असते. मुदारबा तत्त्वावरच्या (पैसा ठेवीदाराचा, तो कामाला लावायचा बँकेनं) गुंतवणूक खात्यात मात्र झालेला नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावा लागतो. सौदी अरेबियातल्या अल राजही बँकेच्या भरघोस नफ्यामागे पहिल्या प्रकारच्या, म्हणजे जवळपास फुकटच्या ठेवींचा मोठा हात आहे. पण बाजारातले व्याजदर चढले की लोक पैसा मुदतीच्या खात्यांकडे वळवतात. २०२३ मध्ये तिथे तसंच झालं. निधी महागला, स्थिर दराची गृहकर्जं जुन्याच भावात अडकलेली, आणि निव्वळ नफा आदल्या वर्षापेक्षा थोडा घसरला.

म्हणजे व्याज घेत नसल्या तरी या बँकांना व्याजदराची झळ लागतेच. मुराबहाचं, म्हणजे वस्तू विकत घेऊन ठरलेला नफा चढवून ग्राहकाला विकण्याचं, उदाहरण घ्या. बँकेनं १०० चं यंत्र घेऊन ग्राहकाला १२५ ला, पाच वर्षांच्या हप्त्यांवर विकलं. करार झाला की त्या १२५ चे १२६ होत नाहीत. पुढच्या वर्षी बाजारातले दर वाढले, तर ठेवीदार शेजारच्या व्याजी बँकेकडे बघू लागतात. त्यांना टिकवायचं तर बँकेला आपल्या वाट्यातला नफा सोडावा लागतो. करारानं जो धोका ठेवीदाराचा, तो व्यवहारात भागधारकांच्या माथी येतो. काही बँका यासाठी चांगल्या वर्षांत राखीव निधी बाजूला टाकतात आणि वाईट वर्षी त्यातून वाटप करतात. त्यामुळे ताळेबंदातला नफा खऱ्या चढउतारापेक्षा सपाट दिसतो. आकडेवारी घेऊन बसणाऱ्यांनी इथे फार सावध राहायला हवं, कारण बरीच फसगत इथेच होते.

थकबाकीचा फटकाही व्याजी बँकांपेक्षा जास्त बसतो. हप्ता चुकला तर दंड लावता येतो, पण तो बहुतेक ठिकाणी धर्मादायाकडे जातो, बँकेच्या उत्पन्नात धरला जात नाही.

रोखतेचं दुखणं जुनं आहे. रात्रभरासाठी व्याजानं पैसे देता-घेता येत नाहीत, म्हणून धातूंच्या खरेदी-विक्रीवर आधारलेले तवर्रुकचे (वस्तू उधारीवर घेऊन लगेच रोखीनं विकण्याचे) व्यवहार करावे लागतात, नाहीतर रोकड नुसती पडून राहते. ती पडून राहिली की नफा घटतो. हाताशी नसली तर काय होतं, ते तुर्कस्तानात २००१ मध्ये इहलास फिनान्स ही बिनव्याजी वित्तसंस्था बंद पडली तेव्हा दिसलं.

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटाबद्दल अर्धीच गोष्ट सांगितली जाते. बुडत्या कर्जांवर बेतलेले विषारी डेरिव्हेटिव्ह्ज जवळ नसल्यामुळे इस्लामी बँकांना पहिला तडाखा कमी बसला, हे खरं. पण २००९ मध्ये आखाती देशांतली स्थावर मालमत्ता कोसळली आणि काही इस्लामी बँकांचा नफा व्याजी बँकांपेक्षाही जास्त घसरला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१० च्या अभ्यासात हे आलंय. त्यामुळे एकाच क्षेत्रात किती पैसा गुंतलाय, हा घटक वगळू नका.

कायद्याचाही परिणाम होतो. ब्रिटनमध्ये इस्लामी पद्धतीच्या गृहवित्तात घर आधी बँकेच्या आणि मग ग्राहकाच्या नावावर होत असल्यामुळे मुद्रांक शुल्क दोनदा पडायचं. २००३ मध्ये ती दुहेरी आकारणी काढली, तेव्हा कुठे हा व्यवसाय परवडण्याजोगा झाला.

तुमच्या यादीत मी चालू खात्यांचं एकूण ठेवींशी प्रमाण आणि स्थिर दराच्या वित्तपुरवठ्याचा वाटा हे दोन घटक नक्की घालेन. नफा मोजताना ठेवीदारांना वाटप करण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे वेगळे घ्या. वार्षिक अहवालात दोन्ही सहसा मिळतात.