नाताळ पाळायचा की मांडवांचा सण?

दिवाळी सरली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "ताई, नाताळ पाळा असं बायबलमध्ये कुठं लिहिलंय? आणि बायबलच्याच लेवीय या पुस्तकात देवानं स्वतः इस्राएल लोकांना सांगितलेले सण आपण का पाळत नाही?" विचारणारा मनापासून विचारत असतो. पण प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतो तोवर घरात बहुधा अबोला सुरू झालेला असतो, म्हणून नुसती वचनं दाखवून तो सुटत नाही.

एका कुटुंबाचं सांगते. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बाई मूळच्या नगरच्या, निवृत्त शिक्षिका. यजमान गेल्यावर पुण्यात मुलाकडे राहायला आल्या. मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू एका घरगुती प्रार्थना गटात जाऊ लागले होते. तिथली शिकवण अशी, की नाताळ आणि ईस्टर मूळचे मूर्तिपूजकांचे. खऱ्या विश्वासणाऱ्यानं लेवीय 23 मधलेच सण पाळावेत. त्यातला एक मांडवांचा सण, इस्राएल लोक अरण्यात मांडवांत राहिले त्याची आठवण. त्याप्रमाणे मुलानं गच्चीवर बांबू, झावळ्या आणि वरून निळी ताडपत्री असा मांडव उभारला. सातही रात्री बापलेक तिथं झोपले. परतीच्या पावसात गाद्या भिजल्या तरी पोरगं खाली यायला तयार नव्हतं. बाई मात्र एकदाही जिना चढल्या नाहीत.

डिसेंबर लागल्यावर बाईंनी माळ्यावरून नाताळची चांदणी काढली. कामट्यांची, पतंगाच्या कागदाची. यजमान दरवर्षी फाटका कागद काढून नवा चिकटवायचे आणि आतल्या कामटीवर पेन्सिलीनं साल लिहून ठेवायचे. मुलगा म्हणाला, "आई, हे आता या घरात लागणार नाही." चर्चच्या नाटिकेत नातवाला मेंढपाळाचं काम मिळालं होतं, तेही त्यानं बंद करायला लावलं.

बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "पोरानं प्रभूला सोडलं का हो?" नंतर मुलगा एकटा भेटायला आला. तो म्हणाला, "ताई, आईचं तारण झालंय की नाही, या विचारानं मला झोप लागत नाही."

दोघांनाही एकमेकांच्या तारणाचा, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराचा, घोर लागला होता. घरात एवढी माया शिल्लक असेल तर काम होतं, हा माझा अनुभव आहे.

बाईंशी मी आधी नगरबद्दलच बोलले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला आले, हे त्यांनी शाळेत मुलांना शिकवलेलं. पण त्यांना पाठवणारं मिशन बोर्ड बोस्टनचं होतं, आणि ज्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट, परंपरेतून ती मंडळी आली ती नाताळ पाळत नसे, हे त्यांना नवीन होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. तो 1681 साली रद्द झाला, तरी त्या राज्यात नाताळची अधिकृत सुट्टी व्हायला 1856 साल उजाडलं. म्हणजे नगरला सुवार्ता आली तेव्हा ती पाठवणाऱ्यांच्या गावी नाताळची सुट्टीसुद्धा नव्हती. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नाताळ न करणारा माणूस प्रभूचा नाही, असं म्हणता येत नाही." माझं त्यांना एवढंच सांगणं होतं.

मुलाबरोबर जास्त वेळ गेला, कारण त्याच्याकडे वहीभर टिपणं होती. 25 डिसेंबर हा सूर्यदेवाचा दिवस होता आणि चर्चनं तो उचलला, हे त्याला पक्कं वाटत होतं. मी त्याला कागदावर काय आहे ते सांगितलं. रोममध्ये त्या तारखेला ख्रिस्तजन्म धरल्याची सर्वांत जुनी नोंद 354 सालच्या एका पंचांगात सापडते आणि ती 336 सालाबद्दलची मानली जाते. सूर्याच्या उत्सवाची त्या तारखेची नोंदही त्याच पंचांगात आहे. ऑरेलियन बादशहानं 274 साली रोममध्ये सूर्याचं देऊळ बांधलं हे खरं, पण कुणी कुणाचं उचललं हे त्यावरून सिद्ध होत नाही. गर्भधारणा 25 मार्चला धरून पुढं नऊ महिने मोजले, असंही काही अभ्यासक मानतात. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, दहाव्या अध्यायातलं सोन्यारुप्यानं मढवलेलं झाड त्यानं वहीत ठळक केलं होतं. मी त्याला तो अध्याय सलग वाचायला लावला. तिथं लाकडाला आकार देऊन घडवलेल्या मूर्तीबद्दल लिहिलंय, दिवाणखान्यातल्या ख्रिसमस ट्रीबद्दल नव्हे.

मग योहान 10:22 काढलं. येशू हिवाळ्यात मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाला यरुशलेमेत होता. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. मक्काबी या यहुदी लढवय्यांनी मंदिर शुद्ध केलं त्याच्या आठवणीत तो पुढं सुरू झाला. यहुद्यांचा पुरीम सणही तसाच, एस्तेर राणीच्या काळातला. तेव्हा "आज्ञा नाही म्हणजे पाप" हा नियम प्रभूच्या वागण्याला लावता येत नाही.

वल्हांडणाचंही पाहा, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाचं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 16व्या अध्यायाप्रमाणे तो यज्ञ देवानं निवडलेल्या ठिकाणीच करायचा. मंदिर सन 70 मध्ये पडलं. आज कुणीही वल्हांडण पाळतो तो आठवणीचा भाग पाळतो, पूर्ण आज्ञा नाही. ज्यांचे हे सण आहेत ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आपल्या कोकणात शतकानुशतकं राहिले, नववर्षाला नव्याचा सण आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणत आले. पुण्यातच रास्ता पेठेत त्यांचं सभास्थान आहे. मुलगा कधी एकाही यहुदी माणसाला भेटला नव्हता. दुसऱ्याचा सण घेताना त्या लोकांची ओळख करून घ्यावी, निदान त्यांचा मान ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. हे मी त्याला म्हणाले आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

एवढं सगळं बोलूनही तो मऊ झाला नाही. टिपणांच्या मागं काहीतरी होतं. मी विचारलं, "लहानपणीचा नाताळ कसा होता?" तो एकदम म्हणाला, "काकांच्या बाटल्या." चोवीस तारखेच्या रात्री कॅरलची मंडळी पुढच्या दारानं जायची आणि मागच्या अंगणात पिणं सुरू व्हायचं. एका वर्षी नव्या कपड्यांसाठी काढलेलं कर्ज पुढचा नाताळ आला तरी फिटलं नव्हतं. आई करंज्या तळत राहायची आणि काही झालंच नाही असं दाखवायची. या गटात त्याला पहिल्यांदा न पिणारी, उसनवारी न करणारी, सणाला बायबल उघडून बसणारी माणसं भेटली. त्याला पवित्र सण हवा होता. ही भूक खरी आहे, आणि आपल्या मंडळ्यांनी ती ओळखायला हवी.

हे त्यानं आईसमोर सांगावं म्हणून दोघांना एकत्र बसवलं. बाई रडल्या. त्यांनी कबूल केलं, की सगळं दिसत होतं, पण मोठ्या दिरांना कोण बोलणार? त्या दिवशी नाताळ पाळावा की नाही हा विषय निघालाच नाही.

तो पुढच्या भेटीत निघाला. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दोघांनी मोठ्यानं वाचला. कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे मानतो. प्रत्येकानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि भावाला दोषी ठरवू नये, असं प्रेषित पौल तिथं सांगतो. माझं मत मी त्यांच्यापासून लपवलं नाही. ख्रिस्ती माणूस मांडवांचा सण आठवण म्हणून पाळू शकतो, नाताळही पाळू शकतो, दोन्ही सोडूही शकतो. पौल स्वतः वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवसाच्या यहुदी सणासाठी यरुशलेमेला जायची घाई करत होता. पण दिवस पाळणं ही देवानं स्वीकारण्याची अट झाली, की तोच पौल गलतीकरांना अध्याय 4 मध्ये कळवळून विचारतो, की माझे श्रम फुकट तर गेले नाहीत ना? कलस्सैकरांना तो लिहितो, की सण ही सावली आहे आणि प्रत्यक्ष देह ख्रिस्त आहे.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले. गटाच्या पुढाऱ्यानं मुलाला बजावलं होतं, की नाताळ करणाऱ्या आईबरोबर जेवायला बसू नकोस. मी म्हटलं, ही अट मानू नका. जो गट आईच्या ताटापासून उठवतो, त्याला त्याचं कारण शास्त्रातून विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर तिथून बाहेर पडा. दुसऱ्या शतकात स्मुर्णा शहराचा बिशप पॉलिकार्प आणि रोमचा बिशप अनिकेत यांचं वल्हांडण कोणत्या दिवशी पाळावं यावर एकमत झालं नाही. तरी अनिकेतानं पॉलिकार्पला आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवू दिलं आणि दोघं शांतीनं वेगळे झाले. इतिहासातलं हे उदाहरण मी अशा प्रत्येक घरात सांगते.

तडजोड अशी झाली. चांदणी आईच्या खोलीच्या खिडकीत लागली. हॉलमध्ये काही नाही. नातू नाटिकेत गेला, बाप बघायला गेला नाही, सून गेली. दारू घरात येणार नाही आणि सणासाठी उधारी होणार नाही, यावर दोघांचं आधीच एकमत होतं, फक्त ते कुणी बोललं नव्हतं. वसंतात वल्हांडणाच्या जेवणाला बेखमीर भाकरी बाईंनीच थापल्या.

पुढाऱ्याला तो प्रश्न मुलानं विचारला. उत्तर टाळलं गेलं, तेव्हा त्यानं तो गट सोडला. शनिवार मात्र तो शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून अजून पाळतो, आणि बाईंना ते अजून खटकतं. यंदा नाताळ आणि मांडव कसं जमवायचं ते ठरवायला ऑगस्टमध्ये पुन्हा बसू, असं दोघांनी मिळून कळवलंय.