एकाच दिवसाचा व्यायाम आणि स्मरण : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

परीक्षांचा हंगाम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी नागपूरहून आलेल्या चार पत्रांत निरनिराळ्या वयाच्या वाचकांनी जवळपास एकच गोष्ट विचारली आहे, म्हणून त्यांना एकत्र उत्तरे देत आहे. वर्षानुवर्षे नियमाने व्यायाम केल्याचे फायदे बहुतेकांना ठाऊक आहेत. येथे प्रश्न आहे तो आज केलेल्या व्यायामाचा आज किंवा उद्या बुद्धीवर काय परिणाम होतो, एवढाच.

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करत असून धरमपेठेतील एका अभ्यासिकेत सकाळपासून रात्री नऊपर्यंत बसतो. पूर्वी रोज संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या परिसरात धावायला जात असे. परीक्षा तोंडावर आल्यामुळे ते बंद केले. माझ्या मित्राचे म्हणणे असे की, एकदा धावून आले तरी त्याच दिवशी डोके अधिक चालते आणि वाचलेले पक्के बसते. हे खरे आहे काय? खरे असल्यास अभ्यासापूर्वी धावावे की नंतर? — एक परीक्षार्थी, धरमपेठ

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे, मात्र फायदा किती, हे आधी नीट समजून घ्या. एका वेळच्या व्यायामाचा विचारशक्तीवर काय परिणाम होतो, हे पाहणाऱ्या ७९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, परिणाम अनुकूल आहे, पण सरासरीने लहान आहे. लक्ष एकाग्र ठेवणे, नको त्या गोष्टीकडे वळणारे मन आवरणे, प्रश्नाला चटकन प्रतिसाद देणे या बाबतींत तो दिसतो. स्मरणाचा वेगळा विचार केला, तर चित्र अधिक आशादायक आहे. २०१३ साली झालेल्या दुसऱ्या एका एकत्रित विश्लेषणात असे आढळले की, दम लागेल अशा एका व्यायामाने तात्पुरत्या स्मरणात फारसा फरक पडत नाही; परंतु शिकलेली गोष्ट पुढे टिकून राहण्यात त्याची मदत चांगली होते. परीक्षार्थ्याला नेमके हेच हवे असते. पान मिटल्याबरोबर आठवण्याला परीक्षेत फारसे मोल नाही, कारण प्रश्नपत्रिका हाती येते ती कित्येक दिवसांनी.

असे का घडते, याचे संपूर्ण उत्तर एका वाक्यात मावणारे नाही. व्यायामाने हृदयाची गती वाढते, मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह बदलतो आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपामिन ही जागरूकतेशी निगडित द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवतात. त्याचबरोबर बीडीएनएफ नावाचे एक प्रथिन रक्तात काही काळ वाढते. मज्जापेशींमधील जोडण्या बळकट होण्यात या प्रथिनाचा वाटा असतो. नवी माहिती प्रथम ज्या भागात नोंदवली जाते, त्या हिप्पोकॅम्पसमध्ये ताज्या नोंदी पक्क्या होण्याचे काम शिकून झाल्यावरही कित्येक तास चालू असते. म्हणूनच पुस्तक मिटल्यानंतर केलेला व्यायामही आधी वाचलेल्या मजकुराला उपयोगी पडू शकतो. ही गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे ‘अभ्यास झाला, आता मोकळे’ असे समजून त्या तासांकडे कोणी लक्ष देत नाही.

आता आधी की नंतर, हा प्रश्न. दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २७ तरुणांना निरनिराळ्या दिवशी निवांत बसवून, संथ धावायला लावून आणि अतिशय वेगाने थोडा वेळ धावायला लावून नंतर नवे शब्द शिकवले गेले. वेगवान धावण्यानंतर त्यांचे शब्द शिकणे सुमारे २० टक्के अधिक जलद झाले. नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्या उलट क्रमाचा होता. ७२ जणांना सुमारे ४० मिनिटांत ९० चित्रे आणि प्रत्येक चित्राची पडद्यावरील जागा लक्षात ठेवायची होती. एका गटाने लगेच व्यायाम केला, दुसऱ्याने चार तासांनी केला आणि तिसऱ्याने केलाच नाही. व्यायाम म्हणजे स्थिर सायकलवर ३५ मिनिटे, मध्ये मध्ये वेग वाढवत. दोन दिवसांनी सर्वांना पुन्हा बोलावून विचारले, तेव्हा चार तासांनी व्यायाम करणाऱ्यांना इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक आठवले. लगेच व्यायाम करणारा गट मात्र काहीच न करणाऱ्यांच्या पुढे गेला नाही. एवढ्या एका प्रयोगावरून चार तासांचे घड्याळ लावून बसावे, असे मी म्हणणार नाही. लगेच केलेल्या व्यायामाचा फायदा दाखवणारे इतर अभ्यासही आहेत. परंतु तुमच्या दिनक्रमाला हा निष्कर्ष आपोआप जुळतो, हे ध्यानात घ्या. दुपारी एक-दोनच्या सुमारास जो कठीण भाग तुम्ही वाचता, त्यानंतर संध्याकाळी साडेपाच-सहाचे धावणे अगदी योग्य वेळी येते. म्हणजे तुम्ही बंद केलेली सवय मुळात चांगल्याच वेळी होती.

आणखी एक संशोधन तुमच्या कामाचे आहे. जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांनी केवळ १० मिनिटे अगदी हलका व्यायाम केला, तोही सावकाश चालण्याइतका. त्यानंतर त्यांना आधी पाहिलेल्या वस्तू आणि त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण वेगळ्या वस्तू ओळखायच्या होत्या. हलक्या व्यायामानंतर हा फरक त्यांना अधिक अचूक ओळखता आला आणि हिप्पोकॅम्पसचा मेंदूच्या इतर भागांशी समन्वयही वाढलेला दिसला. मिळत्याजुळत्या नोंदी एकमेकींत न मिसळणे ही स्मरणाची फार मोलाची बाजू आहे. तुमच्याच अभ्यासातले उदाहरण द्यायचे, तर राज्यघटनेचे कलम ३२ आणि कलम २२६ ही दोन्ही न्यायालयीन आदेशांविषयी आहेत. एक सर्वोच्च न्यायालयासाठी, दुसरे उच्च न्यायालयासाठी. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत उमेदवार घसरतो तो अशाच जोड्यांवर. प्रयोगातील वस्तूंबाबत जे आढळले, ते कलमांना तसेच्या तसे लागू होईल, असे सिद्ध झालेले नाही. तरीही दोन बैठकींच्या मध्ये मोबाइल चाळण्याऐवजी १० मिनिटे अभ्यासिकेभोवती चालून येणे मला कितीतरी अधिक श्रेयस्कर वाटते.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे : धावणे पुन्हा सुरू करा. पाऊण तास जमत नसेल, तर अर्धा तास पुरे. मध्यंतरी खंड पडला असल्याने पहिले आठ-दहा दिवस भरभर चालण्यावरच थांबा. जीव थकेल इतके धावल्यास त्यानंतरचा तास-दीड तास वाचनासाठी वाया जाईल. खरोखर फायदा होतो की नाही, हे स्वतःवरही पडताळता येते. धावण्याच्या दिवशी दुपारी वाचलेले प्रकरण दोन दिवसांनी पुस्तक न उघडता कोऱ्या कागदावर लिहून काढा. न धावलेल्या दिवसाच्या प्रकरणाचेही तसेच करा आणि काही आठवडे दोन्ही कागद ताडून पाहा. व्यायामाने न वाचलेले आठवणार नाही, हे मात्र कोणत्याही प्रयोगाविना सांगता येते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेतून आला की तासभर वाड्यासमोर क्रिकेट खेळतो आणि मग अभ्यासाला बसतो. सासूबाईंचे म्हणणे आहे की, खेळून दमलेल्या मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून आधी अभ्यास आणि मग खेळ. शिवाय पाठांतर करताना तो सारखा येरझाऱ्या घालतो. त्याला बसवावे काय? — एक आई, महाल

उत्तर : ताई, खेळ आधी असू द्या. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००९ साली साधारण साडेनऊ वर्षांच्या २० मुलांवर झालेला प्रयोग तुमच्या प्रश्नाचे जवळजवळ थेट उत्तर देतो. मुले एके दिवशी नुसती बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी २० मिनिटे ट्रेडमिलवर चालली. हृदयाची गती पूर्ववत झाल्यावर त्यांची चाचणी घेतली गेली. चाचणीत पडद्यावर एका ओळीत पाच चिन्हे येत. मधले चिन्ह कोणत्या दिशेला तोंड करून आहे, एवढेच सांगायचे. मात्र कधी कधी शेजारची चारही चिन्हे उलट दिशेला पाहत असत. मुलाला त्यांच्याकडे दुर्लक्ष करून मधल्यावरच लक्ष ठेवावे लागे. चालून आल्यावर मुलांची उत्तरे अधिक अचूक आली. वाचून अर्थ समजण्याच्या परीक्षेतही त्यांची कामगिरी सुधारली. गणितात आणि शब्दलेखनात मात्र फरक दिसला नाही. म्हणून खेळून आल्यावर आधी धडा वाचायला सांगितला, तर चांगले.

सासूबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे, त्यांना तसे सांगा. घामाघूम, तहानलेल्या आणि भुकेल्या मुलाला दारातून थेट पुस्तकापुढे बसवले, तर त्याच्या डोक्यात खरोखरच काही शिरणार नाही. हातपाय धुऊन, पाणी पिऊन, मूठभर चणे-मुरमुरे किंवा एखादा पोळीचा लाडू खाऊन पंधरा-वीस मिनिटांनी बसू द्या.

येरझाऱ्यांची काळजी करू नका. जोराचा व्यायाम चालू असताना अवघड विचार करणे कठीण जाते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण खोलीत सावकाश फिरणे हा जोराचा व्यायाम नव्हे. पाठांतर त्याने फिरत केले तरी चालेल, उदाहरणे मात्र बसून सोडवू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून वय ६८ आहे. रोज पहाटे सेमिनरी हिल्सच्या बाजूला फिरायला जातो. ज्या दिवशी खंड पडतो, त्या दिवशी नावे आठवत नाहीत, शब्द अडतात, असे वाटते. हा मनाचा खेळ आहे की खरेच एका दिवसाने एवढा फरक पडतो? मला मधुमेह आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : सर, आपले निरीक्षण अगदीच निराधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२४ साली ५० ते ८३ वयाच्या ७६ स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आठ दिवस हालचाल आणि झोप मोजणारे यंत्र अंगावर बाळगले आणि रोज छोट्या चाचण्या दिल्या. ज्या दिवशी मध्यम ते जोरदार हालचाल नेहमीपेक्षा अधिक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे स्मरण किंचित सुधारलेले आढळले. एकूण बसून राहण्याचा काळ कमी असणे आणि रात्री सहा तास किंवा अधिक झोप होणे, यांचाही संबंध चांगल्या गुणांशी दिसला. हा प्रयोग नव्हता, केवळ नोंदी होत्या; त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यातून ठामपणे सांगता येत नाही. तरीही एका दिवसाचा प्रभाव दुसऱ्या दिवसापर्यंत पोचत असावा, असे त्यावरून दिसते.

पण एक शक्यता आपण तपासून पाहावी. ज्या दिवशी फिरणे चुकते, त्या दिवशी ते का चुकते? रात्री झोप नीट लागली नसेल, अंगात कणकण असेल, रक्तातील साखर वरखाली झाली असेल, तर फिरणेही चुकते आणि शब्दही अडतात. अशा वेळी दोष फिरण्याच्या खंडाला लागतो आणि खरे कारण मागे राहते. साखर कमी करणारे औषध किंवा इन्सुलिन आपण घेत असाल, तर फिरायला जाण्यापूर्वी काय आणि किती खावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. साखर उतरल्याने येणारा गोंधळ आणि वयाचा विसरभोळेपणा वरवर सारखेच दिसतात. खिशात साखरेची पुडी असू द्या.

एखादे नाव ओठांवर येऊन अडणे या वयात स्वाभाविक आहे. मात्र ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांचा व्यवहार न जमणे, एकच गोष्ट थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणे असे काही घरच्यांच्या ध्यानात आले, तर फिरण्यावर भिस्त ठेवू नका. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. त्यात बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडही पाहिले जाते. मधुमेहावर मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते, म्हणून आपल्याला हे मुद्दाम सांगत आहे.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की बाहेर पडणे अशक्य होते. घरात केलेल्या व्यायामाने हाच फायदा होईल काय? — एक गृहिणी, सक्करदरा

उत्तर : होईल. हृदयाची गती वाढून थोडा दम लागला पाहिजे. मग ते जिना चढणे-उतरणे असो, सूर्यनमस्कार असोत की जागच्या जागी चालणे. एका वेळच्या वजन उचलण्याच्या व्यायामानंतरही लक्ष एकाग्र होण्यात सुधारणा दिसल्याचे अभ्यास आहेत.

उन्हाळ्यात मात्र हाच व्यायाम उलटूही शकतो. घामावाटे शरीरातील पाणी वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे साधारण सव्वा लिटर गेले, तर लक्ष लागेनासे होते आणि डोके जड होते. मग व्यायामाने मिळवलेले सगळे तेथेच संपते. म्हणून मे महिन्यात उजाडण्याच्या सुमारास, कूलर लावलेल्या किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत, १५ ते २० मिनिटे पुरेत. आधी पाणी प्या, नंतर ताक किंवा चिमूटभर मीठ घातलेले पन्हे घ्या. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. चक्कर, मळमळ किंवा छातीत धडधड जाणवली, तर त्या दिवशीचा व्यायाम तेथेच थांबवा.