एक होता राजा, आणि इंग्रजीतलं 'द'

"मॅडम, दहावीला ९१ टक्के आहेत. पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की रडायलाच लागते."

अकरावीचे प्रवेश उरकले की हे वाक्य माझ्या खोलीत दर आठवड्याला ऐकू येतं. बदलतात ते फक्त टक्के. म्हणून ही एकीची गोष्ट, ओळख पुसून.

मुलगी मराठी माध्यमातून आलेली, आता सायन्सला. पहिल्या दोन भेटींत वडीलच बोलले. "बाराच्या बारा टेन्स पाठ आहेत हिला. लिहिताना सगळं जातं कुठे?" तिसऱ्या वेळी मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं.

तिने दप्तरातून वही काढली. आजीच्या गावावर दीड पानी निबंध, वर लाल गोलांचा सडा.

"किती आहेत, मोजलेस?"

"बघवतच नाही."

आम्ही मोजले. २१. मग मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि प्रत्येक गोलाशेजारी ती चूक कुठून आली ते लिहायला लावलं. 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स.' "मी तीन वर्षांपासून इथे राहते... पासून म्हणजे सिन्स ना?" मराठीला तिथे साधं 'राहते' पुरतं, इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं, आणि मोजलेल्या काळाला 'फॉर'. 'सर टोल्ड टू मी' मधलं 'टू' आलं 'मला' मधून. असं करत तासाभरात २१ गोलांची चारच घराणी निघाली: तीन गोल 'सिन्स'चे, चार 'टू'चे, तीन स्पेलिंगचे आणि तब्बल अकरा 'ए' नि 'द'चे.

"हे मराठीत नाहीतच, मॅडम. कसे कळणार?"

"आजी गोष्ट सांगायची ना? सुरुवात कर."

"एक राजा होता."

"पुढे?"

"राजाला दोन राण्या होत्या."

"आता 'एका राजाला' का नाही म्हणालीस?"

"कारण आता माहितीये ना कुठला राजा..." ती थांबली. पेन्सिल तशीच हवेत. "म्हणजे आधी ए किंग, मग द किंग?"

मी काहीच बोलले नाही. (आमच्या कामात हेच सगळ्यात अवघड.) तिने वही ओढून घेतली आणि अकरापैकी आठ जागा स्वतः दुरुस्त केल्या. माझा चहा गार झाला होता; पण असा चहा वर्षातून दोन-तीनदाच गार होतो.

शिकणाऱ्याच्या चुकांना एक संगती असते, तो कुठवर पोचलाय ते त्यांतून कळतं, हे पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ सालीच मांडलं. आपण मात्र अजून गोल काढतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेली; मलाही कोणी सांगितलं नव्हतं की माझ्या इंग्रजीखाली माझी मराठीच बोलतेय.

तिला मी दिलं ते एवढंच. रोज पाच ओळी, आज घडलेल्याच. त्या लगेच तपासायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्याने वाचायच्या. एका आठवड्यात एकच घराणं पकडायचं, बाकीच्या चुका दिसल्या तरी सोडून द्यायच्या. 'जो मुलगा काल आला होता तो' अशी लांबण मनात आली, तर तिची दोन वाक्यं करायची. आणि युवकभारती या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातल्या धड्याचा एक परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तसा लिहायचा, मग शेजारी ठेवून ताडायचा. नियमांच्या पाठांतरापेक्षा यावर माझा जास्त भरवसा आहे. वडिलांना पथ्य एकच: वही मागायची नाही.

अडीच महिन्यांनी ती आली. नव्या निबंधावर सात लाल गोल, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने घराण्याचं नाव. पण प्रश्न वेगळाच होता, बरोबर आलेल्या वाक्याबद्दल.

"मॅडम, 'गो टू बेड' मध्ये 'द' का नाही? माझा पलंग तर ठरलेलाच आहे."

मी शब्दकोश काढला. दोघी शोधत बसलो.