घरासाठी पहिले शस्त्र निवडताना

चि. यांस अनेक आशीर्वाद.

सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये आजी, आई आणि पाच वर्षांचा भाचा यांच्यासह राहताना घराच्या रक्षणासाठी कोणते शस्त्र घ्यावे, असे तू विचारले आहेस. दुकानात किमतीपासून बोलणे सुरू होईल. मी मात्र तुला आधी घराच्या भिंती पाहायला सांगेन, कारण नेम चुकला तर गोळी आतल्या पातळ भिंतीतून किंवा दारातून पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकते आणि त्या गोळीची जबाबदारी सर्वस्वी तुझी असते.

बारा बोअरची दुनळी बंदूक गावाकडच्या घराला चांगली. तुमच्या अरुंद पॅसेजमध्ये ती लांब नळी वळवणेच अवघड जाईल. तिला नेम धरावा लागत नाही, ही समजूतही मनातून काढून टाक. खोलीच्या अंतरावर छर्रे फारसे पसरत नाहीत आणि मोठे छर्रे दार सहज भेदतात. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडते, त्यामुळे सामान्य नागरिकापुढे छोट्या शस्त्रांत मुख्यतः पॉइंट बत्तीसचे (सुमारे ०.३२ इंच व्यासाच्या गोळीचे) रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल एवढेच उरते. यांपैकी नवख्या माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिस्तुलाचे काडतुसे भरायचे मॅगझीन काढले तरी एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहू शकते आणि शस्त्र रिकामे आहे असे समजून चाप ओढला जातो; रिव्हॉल्व्हर उघडले की काडतुसांच्या फिरत्या चक्राचे सगळे कप्पे एका नजरेत दिसतात.

वजन कमी म्हणून मात्र हलके रिव्हॉल्व्हर पसंत करू नकोस. कानपूरचे, २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ सुमारे अर्धा किलोचे आहे. बाळगायला ते सोयीचे, पण काडतूस तेच असेल तर हलके शस्त्र हाताला जास्त झटका देते आणि दुसरी गोळी भरकटते. तुला ते कमरेला लावून हिंडायचे नाही, तेव्हा थोडे जड आणि लांब नळीचे घे. काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडून ताजी घे. पुण्याच्या पावसाळ्यात ती दमट कपाटात ठेवू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात लहान मूल आहे, म्हणून शस्त्र भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या पोलादी पेटीतच राहील आणि किल्ली फक्त तुझ्याकडे असेल. पेटी उघडण्यात काही क्षण जातील, ते जाऊ देत. उशीखाली भरलेले शस्त्र ठेवण्याला माझी कधीही संमती मिळणार नाही. घरातले कोणी खोल नैराश्यात असेल, तर परवान्याचा विचारच तूर्त थांबव. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण घरातल्या शस्त्राचा धोका चोरापेक्षा घरच्या माणसालाच अधिक असू शकतो.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. शहर आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते केवळ प्रमाणपत्रापुरते करू नकोस. भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाविषयीची ३४ ते ४४ ही कलमे स्वतः वाच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीत बचावाचा अधिकार ४१व्या कलमाने बराच विस्तृत होतो, पण बचावाला आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मर्यादा तिथेही सुटत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे हा बचाव नव्हे.

अर्ज करण्यापूर्वी मुख्य दाराला मजबूत सेफ्टी डोअर बसवून घे आणि घरच्यांशी बसून रात्रीचा क्रम ठरव. संशयास्पद आवाज आला तर आई भाच्याला घेऊन आजीच्या खोलीत जाईल, तू त्यांच्यामागून आत शिरून दार लावशील आणि आई ११२ क्रमांकावर फोन करील. अंधारात खोल्या धुंडाळत तू बाहेर जायचे नाहीस. कोणी ते बंद दार फोडून आत येऊ लागला आणि तो घरचा माणूस नाही याची तुला खात्री पटली, तरच शस्त्राचा प्रश्न येतो.

तुझा,
काका